गावाचं बजेट, मालमत्ता कर आणि शाळा : ओव्हरराइडच्या मतदानाआधी

कोयनाकाठ :

बॉस्टनच्या पश्चिमेला असलेल्या आमच्या गावात मे महिन्यात ओव्हरराइडवर, म्हणजे मालमत्ता कराची ठरलेली मर्यादा ओलांडू द्यायची का यावर, मतदान आहे. आमच्या मराठी व्हॉट्सॲप गटात त्यावर जे लिहिलं जातंय ते वाचून हा धागा काढतोय. "टॅक्स पुन्हा वाढवणार", "शाळेला पैसा कधी पुरतच नाही का", "आपल्याला मत नाही, आपण कशाला मध्ये पडायचं" असे तीन सूर ऐकू येतात. तिन्हींबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, पण आधी थोडा हिशेब मांडतो, कारण गटातली निम्मी भांडणं हिशेब न समजल्यामुळे होतायत.

मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी नोव्हेंबर १९८० मध्ये 'प्रपोझिशन अडीच' मंजूर केलं. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये प्रपोझिशन तेरा आलं होतं, त्याच लाटेतला हा कायदा. मालमत्ता करातून गावाला जी एकूण रक्कम गोळा करता येते ती दरवर्षी फक्त अडीच टक्क्यांनी वाढवता येते. त्या वर्षी झालेल्या नव्या बांधकामाचा कर त्यावर वेगळा मिळतो. याहून जास्त हवं असेल तर मतदारांना विचारावं लागतं. साध्या बहुमतानं होकार आला की मर्यादा तेवढ्यानं कायमची वर सरकते. हा झाला ओव्हरराइड. इमारतीसाठी काढलेल्या कर्जापुरता जादा कर मागितला तर ते डेट एक्स्क्लूजन; कर्ज फिटलं की तो कर संपतो. आमच्याकडे मेमध्ये जे आहे ते पहिल्या प्रकारचं, म्हणजे शाळा चालवण्याच्या रोजच्या खर्चासाठीचं.

आता गैरसमज. अडीच टक्क्यांची मर्यादा तुमच्या बिलावर नाही, गावाच्या एकूण वसुलीवर आहे. तुमचं बिल एखाद्या वर्षी पाच टक्क्यांनी वाढू शकतं आणि शेजाऱ्याचं एक टक्क्यानं. तसंच, घराचं मूल्यांकन वाढलं म्हणून गावाच्या तिजोरीत जास्त पैसा येतो हेही खरं नाही. सगळ्यांची मूल्यांकनं दहा टक्क्यांनी वाढली तर दर त्या मानानं खाली येतो, कारण एकूण रकमेला कुंपण आहे. "आमची घरं एवढी महाग झाली, मग गावाकडे पैसा कसा नाही" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. समजा गावातल्या सगळ्या मालमत्तांचं मूल्य ७०० कोटी डॉलर आणि दर हजारी १२ डॉलर. वसुली झाली ८ कोटी ४० लाख. तिचे अडीच टक्के म्हणजे २१ लाख. या २१ लाखांत शाळा, पोलीस, अग्निशमन दल, बर्फ काढणं, ग्रंथालय, निवृत्तिवेतन आणि सगळ्या कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा यांची वाढ भागवायची. आमच्यासारख्या उपनगरी गावात निम्म्याहून जास्त खर्च शाळांचा असतो आणि शाळेचा खर्च म्हणजे मुख्यतः पगार. शिक्षकांच्या करारात वार्षिक वाढ असते, शिवाय अनुभवाप्रमाणे पगाराची पायरी चढते. आरोग्यविम्याचे हप्ते तर अडीच टक्क्यांत कधीच बसत नाहीत. कोणी एक पैसा उधळला नाही तरी दर काही वर्षांनी तूट येणारच, अशीच या कायद्याची बांधणी आहे.

विशेष शिक्षणाबद्दल सांभाळून लिहितो, कारण गटात काही जणांनी त्या मुलांवर बोट ठेवलं आणि ते मला फार लागलं. गरज असलेल्या प्रत्येक मुलाला योग्य शिक्षण देणं हे १९७५ पासून संघराज्याच्या कायद्यानं बंधनकारक आहे. त्या वेळी वॉशिंग्टननं अशा प्रत्येक मुलामागे देशातल्या सरासरी प्रति विद्यार्थी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम द्यायचं कबूल केलं होतं. प्रत्यक्षात नेहमीच्या वार्षिक तरतुदीतून तो वाटा त्याच्या निम्म्यावरही गेलेला नाही. आपलं राज्य 'सर्किट ब्रेकर' नावाच्या निधीतून मदत करतं, पण एका मुलाचा खर्च राज्याच्या प्रति विद्यार्थी पायाभूत खर्चाच्या चौपटीपुढे गेला तरच, आणि त्या पुढच्या रकमेच्या ७५ टक्के. २०२४ च्या आर्थिक वर्षासाठी राज्यानं खासगी विशेष शाळांना, जिथे पाठवलेल्या मुलांची फी गावच भरतं, १४ टक्के फीवाढ मंजूर केली. गावाची मर्यादा अडीच टक्के आणि हे बिल १४ टक्क्यांनी वाढलेलं. यात त्या मुलाचा किंवा त्याच्या आईबापाचा काय दोष?

राज्याची मदत 'चॅप्टर ७०' या सूत्रानं येते. १९९३ च्या शिक्षण सुधारणा कायद्यानं ते बांधलं आणि २०१९ च्या कायद्यानं सुधारलं. सूत्राचा भर गरीब शहरांवर आहे आणि तो तसाच असावा. लॉरेन्स किंवा ब्रॉकटनच्या मुलांना जास्त मिळतं याचं मला समाधान आहे. आमच्यासारख्या गावांना बहुतेक वेळा किमान वाढ मिळते. २०२५ साली ती विद्यार्थ्यामागे १०४ डॉलर होती, २०२६ साठी १५० केली. राज्यात एका विद्यार्थ्यामागचा सरासरी खर्च वीस हजारांच्या वर आहे, त्यापुढे ही वाढ किती ते तुम्हीच बघा.

कोविडच्या वेळी केंद्राकडून शाळांना मोठा निधी आला. तो वापरण्याची शेवटची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. ज्या ज्या शाळा-जिल्ह्यांनी (म्हणजे एखाद्या गावाच्या किंवा भागाच्या शाळा चालवणाऱ्या संस्थांनी) त्यातून समुपदेशक किंवा वाचन-शिक्षक नेमले, त्यांना ते पगार आता नेहमीच्या बजेटात बसवायचे आहेत. एकदाच येणाऱ्या पैशातून दरवर्षीचा खर्च चालवू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्या वर्षी मुलं ज्या अवस्थेत वर्गात परतली होती ते आठवा. ती माणसं नेमली हे बरोबरच झालं.

माझं मत : मी 'हो' म्हणणार आहे. नाही म्हटलं तर खर्च वाचत नाही, तो आपल्याच अंगावर वेगळ्या वाटेनं येतो. राज्याच्या कायद्यानं फुकट बस फक्त सहावीपर्यंतच्या आणि शाळेपासून दोन मैलांपलीकडे राहणाऱ्या मुलांनाच द्यावी लागते. बाकीच्यांना फी लावता येते. खेळाची फी, वाद्यवृंदाची फी अशीच वाढत जाते. ज्या घराला परवडतं ते भरतं, आणि ज्याला परवडत नाही त्याचं मूल मागे राहतं. करात निदान सगळे मिळून उचलतात.

आणि ज्या गोष्टीसाठी खरं तर हा धागा काढला ती ही. आपल्यातल्या जवळपास प्रत्येकानं हे गाव शाळा बघून निवडलं. घर बघायच्या आधी शाळेचं रेटिंग बघितलं. पण त्या शाळेचा पैसा जिथे ठरतो त्या टाउन मिटिंगला (गावच्या मतदारांच्या सभेला), फिनान्स कमिटीच्या बैठकीला, स्कूल कमिटीच्या (निवडून आलेल्या शाळा-मंडळाच्या) सुनावणीला आपली माणसं दिसत नाहीत. गणपतीला सभागृह अपुरं पडतं आणि बजेटच्या सुनावणीला आपल्यातले दोन-तीन चेहरे. हे मला मनापासून खटकतं.

अबोली :

फार नीट लिहिलंयत. डेट एक्स्क्लूजन आणि ओव्हरराइडमधला फरक मला पहिल्यांदाच कळला. न्यूटनमध्ये १४ मार्च २०२३ ला नेमकं हेच झालं होतं ना? दोन प्राथमिक शाळांच्या इमारतींची डेट एक्स्क्लूजन मंजूर झाली आणि रोजच्या खर्चासाठीचा सुमारे ९२ लाखांचा ओव्हरराइड पडला. आम्ही तेव्हा तिथे भाड्यानं राहत होतो. पुढच्या जानेवारीत शिक्षकांचा संप झाला आणि शाळेचे ११ दिवस बुडाले.

कोयनाकाठ :

हो अबोलीताई, तेच. संपाची कारणं एकट्या त्या मतदानात नव्हती, करार आधीपासून रखडला होता. पण इमारतीला हो आणि त्या इमारतीतल्या माणसांना नाही, हा कौल मी पुष्कळ गावांत बघतो. इमारत दिसते, तिचं चित्र पत्रकावर छापता येतं. शिवाय इमारतीला राज्याच्या शाळा-बांधकाम प्राधिकरणाचं अनुदान मिळतं. राज्याच्या सव्वासहा टक्के विक्रीकरातला एक टक्का त्याकडे जातो. वाचन-शिक्षिकेच्या पगाराला असा कुठला वेगळा झरा नाही.

निवृत्त_अभियंता :

माझा विरोध आहे आणि तो का आहे ते सविस्तर लिहितो, कारण अशा चर्चेत आमच्या वयाच्या लोकांना लगेच 'मुलांच्या विरोधातले' ठरवतात. माझी दोन्ही मुलं याच राज्याच्या सरकारी शाळांत शिकली. त्या वेळी मी प्रत्येक ओव्हरराइडला हो म्हटलं आहे.

आता मी आणि पत्नी सोशल सिक्युरिटी आणि थोड्या साठवणीवर जगतो. घराचं कर्ज कधीच फिटलं, पण कराचं बिल तेव्हाच्या हप्त्यापेक्षा मोठं झालंय. घराची किंमत वाढली म्हणून आम्ही श्रीमंत झालो असं तरुण लोक म्हणतात. ती किंमत घर विकल्यावर हातात येणार, आणि मग राहायचं कुठे? याच गावात दोन खोल्यांचं घर घ्यायचं तर सगळा पैसा त्यातच जाईल.

दुसरं म्हणजे ओव्हरराइड कायमचा असतो. यंदा दिला की त्यावर पुन्हा अडीच टक्के, आणि चार वर्षांनी पुन्हा हेच लोक दारात. याला अंत काय, हे मला कोणीतरी सांगावं. शाळेतली मुलं कमी होतायत असं जिल्ह्याचाच अहवाल म्हणतो. मग मुलं कमी आणि खर्च जास्त, हे कसं?

हिशेबनीस :

काका, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण आमच्या गावच्या फिनान्स कमिटीच्या बैठका मी नियमित ऐकतो. समजा पाचवीत ८८ मुलं होती आणि ८० झाली. चार तुकड्या होत्या, त्या चारच राहतात. प्रत्येक तुकडीतून दोन मुलं कमी झाली तरी एक शिक्षक कमी करता येत नाही, वर्ग तापवायला तेवढंच तेल लागतं आणि बस तेवढ्याच फेऱ्या मारते. तुकडी कमी करण्याइतकी घट एका शाळेत, एका इयत्तेत जुळून यावी लागते. ती आली की तुकडी कमी करावी, याबाबत मी तुमच्या बाजूनं आहे.

मात्र "याला अंत काय" हा प्रश्न रास्त आहे. आपल्याच राज्यातल्या आर्लिंग्टननं यावर बरी वाट काढली आहे. २००५ पासून तिथे ओव्हरराइड काही वर्षांच्या लेखी योजनेसकट मांडतात. खर्चाची वाढ ठरलेल्या टक्क्यांच्या आत ठेवू, ठरलेली वर्षं पुन्हा मागणार नाही, सुरुवातीला शिल्लक राहणारा पैसा राखीव निधीत टाकू आणि शेवटच्या वर्षांत वापरू, अशी वचनं त्यात असतात. २०११, २०१९ आणि २०२३ ला तिथल्या लोकांनी पुन्हा हो म्हटलं. दिलेला शब्द पाळला गेला हे त्यांनी बघितलं होतं.

कोयनाकाठ :

काका, तुमच्यावर कोणी असा शिक्का मारू नये आणि मी तर मारणारच नाही. तुम्ही कर भरला म्हणून या शाळा आज अशा आहेत, हे मी आमच्या घरात मुलांना सांगतो.

दोन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत. राज्याच्या आयकरात ज्येष्ठांसाठी सर्किट ब्रेकर क्रेडिट असतं (नाव तेच, पण वर सांगितलेल्या शाळांच्या निधीहून ही वेगळी सवलत). उत्पन्नाच्या मानानं मालमत्ता कर आणि पाणीपट्टी जास्त असेल तर ते मिळतं, आणि २०२३ च्या कायद्यानं त्याची कमाल रक्कम दुप्पट केली. घराच्या मूल्यांकनाची आणि उत्पन्नाची मर्यादा आहे, तरी एकदा तपासाच. पुष्कळ जण अर्जच करत नाहीत. दुसरं, गावासाठी काही तास काम करून करात सूट मिळवण्याची योजना बऱ्याच गावांत आहे. तिची मर्यादा त्याच कायद्यानं १५०० वरून २००० डॉलर केली.

माझी स्वतःची मागणी याहून पुढची आहे. सडबरीनं २०१२ मध्ये विधिमंडळाकडून विशेष कायदा करून घेतला आणि मर्यादित उत्पन्नाच्या ज्येष्ठांचा कर कमी केला. तेवढी रक्कम बाकीच्या घरमालकांवर थोडी थोडी पसरते. कॉन्कर्ड, वेलँड यांनीही तसं केलं. ओव्हरराइड मागणाऱ्यांनी त्याच सभेत हा ठरावही मांडावा असं मी सिलेक्ट बोर्डाला (गावाच्या निवडून आलेल्या कार्यकारी मंडळाला) लिहिलं आहे. माझ्या बिलात त्यापोटी काही डॉलर वाढले तर ते मी आनंदानं भरीन.

राघू :

मी एच१बीवर आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत आमचा नंबर कधी लागेल याचा अंदाजही आता बांधत नाही. घर आमचं आहे, कर पूर्ण भरतो, मुलगी तिसरीत आहे. पण मत नाही. गेल्या वर्षी टाउन मिटिंगला गेलो तर दारात मतदार यादीत नाव तपासलं आणि मला बाजूच्या वेगळ्या खुर्च्यांवर बसवलं. कोणी अपमान केला नाही, पण तिथे बसून इतरांनी वर केलेली कार्डं मोजताना वाईट वाटलं. कोयनाकाठ, "आपली माणसं दिसत नाहीत" हे तुमचं वाक्य आमच्यासारख्यांना जरा बोचतं. येऊन करायचं काय?

जर्सीकर :

राघू, आमच्याकडे न्यू जर्सीत तर मत असलेल्यांनाही फारसं विचारत नाहीत. इथे २०१० च्या कायद्यानं वाढीची मर्यादा दोन टक्के केली. २०१२ पासून शाळांच्या निवडणुका नोव्हेंबरमध्ये नेण्याची मुभा मिळाली आणि बहुतेक जिल्ह्यांनी ती घेतली. त्यानंतर मर्यादेच्या आतलं बजेट लोकांसमोर मताला येतच नाही. राज्यात सरासरी घराचं बिल २०२४ मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेलं आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग शाळेचा. एडिसन, साउथ ब्रन्सविक, वेस्ट विंडसर, सगळीकडे आपली माणसं आहेत. बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या बैठकीला मात्र गर्दी होते ती फक्त शाळांच्या हद्दी बदलायच्या वेळी.

अबोली :

माझी बहीण कॅलिफोर्नियात असते. तिथे प्रपोझिशन तेरामुळे मूल्यांकन वर्षाला फार तर दोन टक्के वाढतं आणि घर विकलं की बाजारभावावर येतं. त्यामुळे एकाच रस्त्यावर, सारख्याच घराला, ती शेजारच्या आजींच्या कितीतरी पट कर भरते. शाळांसाठी वेगळा पार्सल टॅक्स लावायचा तर दोन तृतीयांश मतं लागतात. क्युपर्टिनोसारख्या ठिकाणीसुद्धा २०२२ मध्ये प्राथमिक शाळा बंद झाल्या. त्यामानानं आपल्याकडे साध्या बहुमतानं काम होतं हे बरंच म्हणायचं.

पूर्वाई :

मी शेजारच्या जिल्ह्यात एका प्राथमिक शाळेत पॅरा म्हणून काम करते, म्हणजे वर्गातली सहायक. बजेट कमी झालं की आतून काय दिसतं ते सांगते.

पहिल्या वर्षी कोणालाच काही जाणवत नाही. निवृत्त झालेल्या दोघांच्या जागा भरत नाहीत. ग्रंथपाल दोन शाळांत वाटून घेतात. दुसऱ्या वर्षी वाचन-शिक्षिकेचे तास निम्मे होतात. पहिलीतल्या ज्या मुलाला 'बी' आणि 'डी' वेगळे दिसत नाहीत, त्याला आठवड्यातून चार वेळा लहान गटात घेऊन बसलं तर बहुतेकदा वर्षभरात ते मूल मार्गी लागतं. दोन वेळाच बसलं तर लागत नाही, आणि तिसरीत त्याची विशेष शिक्षणासाठी तपासणी होते. तिथून पुढचा खर्च त्या वाचवलेल्या पगाराच्या कितीतरी पट. हे मी डोळ्यांनी बघते आहे, म्हणून "थोडी काटकसर केली तर काय बिघडलं" असं कोणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

आणि कपात आली की पहिली नोकरी आम्हा पॅरांची जाते. पगार आधीच तुटपुंजा, त्यामुळे सोडून जाणाऱ्यांची जागा भरत नाही. कोणी विशेष गरजेच्या मुलाबरोबर दिवसभर बसतं, त्याचा डबा उघडून देतं, तो घाबरला की त्याला बाहेर नेतं. बजेटच्या कागदावर ही सगळी माणसं एका ओळीत असतात.

सह्यकडा :

मी साताऱ्याकडचा. अमेरिकेतलं मला फारसं माहीत नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला, कारण इथली गोष्ट याच्या अगदी उलट आहे. आमच्या नगरपरिषदेच्या बिलात मालमत्ता करासोबत 'शिक्षण कर' अशी ओळ असते. लोकांना वाटतं तो गावातल्या पालिका शाळेला जातो. तो राज्याचा कर आहे, १९६२ च्या कायद्यानं बसवलेला. पालिका फक्त गोळा करून सरकारी तिजोरीत भरते. बिगरनिवासी जागांवर दर जास्त, शिवाय रोजगार हमी कर. म्हणजे शाळेच्या नावानं कर भरतो, आणि शाळेचं छप्पर गळतं तेव्हा विचारायचं कोणाला हे कळत नाही.

जकात गेली, मग अनुदान आलं. पालिकेचं बजेट बव्हंशी वरून येणाऱ्या पैशावर चालतं. पंधराव्या वित्त आयोगानं अट घातली की मालमत्ता कराचे किमान दर ठरवा आणि वसुली वाढवा, तर अनुदान मिळेल. वसुली वाढली तरी त्यातलं शाळेला किती, हा प्रश्न सभेत कोणी विचारत नाही. मधली काही वर्षं तर विचारायला नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. निवडणुका झाल्या त्या २०२५ च्या डिसेंबरात.

तुमची टाउन मिटिंग ऐकून ग्रामसभा आठवली. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. अंदाजपत्रक वाचलं जातं, सह्या होतात, लोक उठून जातात. तुमच्याकडे लोक कार्ड वर करून एकूण रक्कम ठरवतात, हे ऐकून हेवा वाटला.

कोयनाकाठ :

सह्यकडा, मनापासून धन्यवाद. शिक्षण कराचं मला माहीत नव्हतं आणि धाग्यावरच्या बऱ्याच जणांना नसेल. तुमच्या पालिकेचं अंदाजपत्रक माहिती अधिकारात मागता येईल. त्यात शिक्षणाचं शीर्ष वेगळं असतं, तिथली मागच्या तीन वर्षांची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी ठेवून बघा. इथेही मी तीच दोन रकान्यांची तुलना आधी करतो.

एक खुलासा. आमच्या टाउन मिटिंगचा अधिकारही मर्यादित आहे. शाळांच्या बजेटचा फक्त एकूण आकडा तिथे मंजूर होतो. "अमुक शाळेचा ग्रंथपाल ठेवा" असा ठराव तिथे बंधनकारक होत नाही. आतली वाटणी स्कूल कमिटी करते. १९८० च्या आधी याच्या उलट होतं. स्कूल कमिटी जेवढं म्हणेल तेवढं गावाला द्यावंच लागायचं. प्रपोझिशन अडीचनं तो अधिकार काढून घेतला.

राघू, तुमचा प्रश्न मी टाळत नाही. माझं वाक्य बोचलं ते समजू शकतो. तुम्ही कर भरता आणि तुम्हाला मत नाही, हा अन्याय आहे असंच माझं मत आहे. केंब्रिज, अ‍ॅमहर्स्ट, न्यूटन अशा काही ठिकाणांनी नागरिक नसलेल्या कायदेशीर रहिवाशांना गावपातळीवर मत द्यावं म्हणून विधिमंडळाकडे विनंती पाठवली. विधिमंडळानं ती मान्य केलेली नाही. पण मतदान ही शेवटची पायरी आहे, आणि तोवर आकडा जवळपास ठरलेला असतो. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. राज्यपालांचं बजेट जानेवारीत येतं, त्याच सुमारास गावच्या सगळ्या शाळांचे प्रमुख (सुपरिंटेंडंट) आपला मसुदा मांडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्कूल कमिटीची सार्वजनिक सुनावणी होते. ती कायद्यानं घ्यावीच लागते, आणि आमच्याकडे तिथे बोलायला मतदार असण्याची अट नाही, गावात राहत असलात की पुरे. गेल्या वर्षी आमच्या गावात पाचवीचा वाद्यवृंद त्या सुनावणीत वाचला. बोलणाऱ्यांत ग्रीन कार्डवाले आणि व्हिसावालेही होते.

टाउन मिटिंगमध्येही मॉडरेटरची (सभा चालवणाऱ्याची) परवानगी घेऊन मत नसलेल्यांना बोलता येतं. आधी लेखी कळवलं तर बहुतेकदा देतात.

पूर्वाई :

शिवाय प्रत्येक शाळेत स्कूल कौन्सिल असतं, १९९३ च्याच कायद्यानं. मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालकांनी निवडलेले पालक. नागरिकत्वाची अट नाही. शाळेच्या बजेटचा आढावा तिथे घेतला जातो. आमच्या शाळेत पालकांच्या जागेसाठी दरवर्षी उमेदवार शोधावे लागतात. राघू, तुमच्या मुलीच्या शाळेत विचारून बघा.

राघू :

हे खरंच माहीत नव्हतं. सोमवारी शाळेच्या कार्यालयात विचारतो. आणखी एक, आमच्या घराला नेमके किती डॉलर जास्त पडतील हे कसं काढायचं? पत्रकावर 'सरासरी घर' लिहिलंय, आमचं घर सरासरीपेक्षा लहान आहे.

हिशेबनीस :

ओव्हरराइडची रक्कम भागिले गावाचं एकूण मूल्यांकन, गुणिले तुमच्या घराचं मूल्यांकन. कोयनाकाठांचेच गोल आकडे घेतले तर ७० लाखांचा ओव्हरराइड, ७०० कोटींचं गाव, म्हणजे हजारी एक डॉलर. घर ६ लाखांचं असेल तर वर्षाला ६०० डॉलर, ८ लाखांचं असेल तर ८००. गावानं दुकानं-कचेऱ्यांना वेगळा दर लावला असेल तर उत्तर थोडं बदलेल. असेसरच्या (मूल्यांकन अधिकाऱ्याच्या) कार्यालयात विचारा, ते लगेच काढून देतात. वेगळ्या दरानं गावाला एक डॉलरही जास्त मिळत नाही हेही लक्षात घ्या, फक्त ओझं इकडचं तिकडे जातं.

केंद्राच्या आयकरात वजावटी वेगवेगळ्या दाखवत असाल तर यातला काही भाग परतही येतो. राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीची दहा हजारांची मर्यादा २०२५ पासून चाळीस हजार केली आहे. पाच लाखांहून जास्त उत्पन्न असेल तर ती कमी होत जाते.

निवृत्त_अभियंता :

पूर्वाईताईंचं वाचन-शिक्षिकेबद्दलचं लिहिणं मी दोनदा वाचलं. असं कोणी मला आधी सांगितलं नव्हतं. पत्रकावर फक्त 'सेवा कायम ठेवण्यासाठी' असं छापलं होतं.

माझं मत अजून बदललेलं नाही. पण आर्लिंग्टनसारखं लेखी दिलं, की पाच वर्षं पुन्हा मागणार नाही आणि वाढ अमुक टक्क्यांच्या आत ठेवू, आणि ज्येष्ठांच्या सवलतीचा ठराव त्याच सभेत आणला, तर मी विचार करीन. हे मी कुठे आणि कोणाला विचारायचं?

कोयनाकाठ :

काका, फिनान्स कमिटीची खुली बैठक येत्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता टाउन हॉलमध्ये आहे. ओव्हरराइडबद्दलची शिफारस त्याच दिवशी ठरणार आहे, म्हणजे अट घालायची ती तिथेच. प्रश्न आदल्या दिवशी दुपारपर्यंत लेखी दिला तर कार्यक्रमपत्रिकेत येतो आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवावं लागतं. तुमचे दोन्ही मुद्दे तुमच्याच शब्दांत मला पाठवा, मी छापून तुमच्या सहीसाठी आणतो. गाडी मी काढतो, साडेसहाला तुमच्याकडे येतो. राघू, तुम्हालाही यायचं असेल तर वाटेतच आहात.

राघू :

येतो. स्कूल कौन्सिलचं काय झालं तेही तेव्हाच सांगतो.